श्वास, धूळ आणि गिरणगाव : शिवाजी पार्क ते परळ परिसरातील फुप्फुसरक्षणाच्या साधनांचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

श्वसनास साहाय्य करणारी वा फुप्फुसांचे रक्षण करणारी साधने म्हटली की प्रथम मुखवटा अर्थात मास्क डोळ्यांपुढे येतो आणि त्यानंतर रुग्णालयातील प्राणवायूचे नळकांडे किंवा व्हेंटिलेटर. वैद्यकाच्या इतिहासात या साधनांची नोंद संशोधकांच्या नावांनी केली जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत हिंदुस्थानात काम केलेल्या ज्यूलियस जेफ्रीज या शल्यवैद्याने १८३६ मध्ये तोंडावर बांधावयाचे, बारीक धातूच्या जाळ्यांचे साधन तयार केले. उच्छ्वासातील उष्णता व ओलावा त्या जाळ्यांत साठावा आणि आत येणाऱ्या थंड हवेला तो मिळावा, अशी त्यामागील कल्पना होती. त्यास त्याने दिलेले ‘रेस्पिरेटर’ हे नाव पुढे रूढ झाले. १८५४ मध्ये जॉन स्टेनहाउस याने कोळशाच्या भुकटीचा वापर असलेला मुखवटा मांडला. १८७१ मध्ये जॉन टिंडॉल याने आग विझवणाऱ्या जवानांसाठी कापूस, ग्लिसरीन व कोळसा यांचे थर असलेला मुखवटा सिद्ध केला. एकाच्या फुप्फुसांना धुरापासून वाचवणारा हा कापूस दुसऱ्याच्या फुप्फुसांत धूळ होऊन शिरत होता, ही विसंगती मुंबईच्या इतिहासात अधिक ठळकपणे दिसते.

योगायोग असा की, स्टेनहाउसचा मुखवटा ज्या वर्षी आला त्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. १८५६ मध्ये ताडदेव येथे तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, नायगाव, वरळी या भागांत गिरण्या उभ्या राहिल्या आणि या साऱ्या परिसरास ‘गिरणगाव’ हे नाव मिळाले. प्रस्तुत निबंधात शिवाजी पार्कच्या समुद्रकिनाऱ्यापासून पूर्वेस परळ-लालबागपर्यंतचा, पायी तासाभरात ओलांडता येईल एवढा पट्टा अभ्यासाचे क्षेत्र म्हणून घेतला आहे. या छोट्या पट्ट्यात फुप्फुसांच्या रक्षणाचे उपाय कोणते योजले गेले, ते कोणाच्या वाट्यास आले आणि कोणाच्या वाट्यास आले नाहीत, हा येथील मुख्य प्रश्न आहे. यंत्रशास्त्रापेक्षा तो समाजरचनेशी अधिक निगडित आहे.

मोकळी हवा : नगररचनेतील एक साधन

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा रुग्ण ओळखला. त्यानंतरच्या हाहाकाराचे तपशील सर्वपरिचित असल्याने त्यांची पुनरुक्ती येथे करण्याचे कारण नाही. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली. या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची घटना दुसरीच आहे. १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट हवा हेच रोगाचे मूळ, ही तत्कालीन धारणा ट्रस्टच्या कामामागे होती. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते आखताना समुद्रावरचा वारा दाट वस्तीत खोलवर नेणे हा हेतू उघडपणे सांगितला गेला. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो हे शास्त्रीय सत्य पुढे प्रस्थापित झाले, तरी हवेविषयीचा हा विचार नगररचनेतून गेला नाही. किंबहुना, चुकीच्या निदानावर आधारलेला एक चांगला उपाय असे त्याचे वर्णन करता येईल.

दादर-माटुंगा परिसरातील रुंद रस्ते, दोन इमारतींमधील सोडलेले अंतर आणि राखीव मोकळ्या जागा ही याच विचाराची फळे होत. १९२५ मध्ये महापालिकेने ‘माहीम पार्क’ हे सुमारे २८ एकरांचे मैदान खुले केले. शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त १९२७ मध्ये, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने, त्यास शिवाजी पार्क हे नाव देण्यात आले. मैदानाभोवती पुढील दोन दशकांत उभ्या राहिलेल्या इमारतींत मराठी पांढरपेशा वर्ग राहू लागला. क्रिकेट, मल्लखांब, सायंकाळचा फेरफटका आणि कट्ट्यावरील गप्पा ही या परिसराची ओळख बनली. फुप्फुसरक्षणाच्या साधनांच्या यादीत मैदानाचा समावेश करणे काहींना अतिशयोक्त वाटेल. परंतु ज्या काळात क्षयरोगावर औषध नव्हते आणि मोकळी हवा हाच उपचार मानला जात होता, त्या काळात हे मैदान म्हणजे हवेवर झालेला सार्वजनिक खर्च होता.

भूगोलाची साथही या परिसरास लाभली. मुंबईत दिवसा वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून, समुद्रावरून वाहतो. तो प्रथम शिवाजी पार्कवर येतो आणि मग पूर्वेस परळकडे जातो. गिरण्यांच्या धुराड्यांचा धूर त्यामुळे बव्हंशी मैदानाकडे न येता गिरणगावातील चाळींवरूनच पुढे जात असे. धुराबाबत सरकार उदासीन नव्हते. १९१२ मध्ये ‘बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट’ संमत झाला. बाहेरून दिसणारा, शहराचे दर्शन बिघडवणारा धूर अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आला. गिरणीच्या भिंतींआडची, बाहेरून न दिसणारी धूळ मात्र आणखी काही दशके बिननावाची राहिली.

कार्डिंग खात्यातील हवा

गिरणीत कापसाच्या गाठी प्रथम ब्लोरूममध्ये फोडल्या जात. तेथे कापूस पिंजून त्यातील माती, पाने, सरकीचे तुकडे वेगळे केले जात. नंतर कार्डिंग खात्यात तारांच्या दातांनी मढवलेल्या फिरत्या रुळांवरून तंतू विंचरले जात. या दातांत अडकलेला कचरा दिवसातून अनेकदा काढावा लागे आणि त्या वेळी धुळीचा लोट उठे. पुढे फ्रेम, रिंग, वायंडिंग अशी खाती लागत आणि शेवटी विणाई. धुळीचे प्रमाण सर्वसाधारणपणे ब्लोरूम व कार्डिंगमध्ये सर्वाधिक आणि विणाईपर्यंत कमी होत जाणारे, अशी ही उतरंड होती. आखूड धाग्याचा, पालापाचोळा अधिक असलेला देशी कापूस वापरून जाडे सूत काढणाऱ्या गिरण्यांत ही समस्या स्वाभाविकच तीव्र होती.

या धुळीने होणाऱ्या विकाराचे ज्ञान नवे नव्हते. इटालियन वैद्य रामाझिनी याने १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यवसायजन्य रोगांवरील ग्रंथात ताग-अंबाडीसारख्या तंतूंवर काम करणाऱ्यांच्या खोकल्याचा उल्लेख केला. इंग्लंडमध्ये जेम्स फिलिप्स के याने १८३१ मध्ये कताई कामगारांच्या छातीच्या विकाराचे वर्णन केले. १८७७ मध्ये फ्रेंच वैद्य ॲड्रियन प्रूस्त याने तलम वस्त्र या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘बिसिनोसिस’ हे नाव दिले. रिचर्ड शिलिंग याने १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत अभ्यास करून या रोगाच्या पायऱ्या निश्चित केल्या. त्याची कसोटी विलक्षण साधी होती : साप्ताहिक सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते का? प्रारंभी त्रास केवळ त्या एका दिवशी होतो, मग आठवड्याच्या इतर दिवशीही होऊ लागतो आणि अखेरीस काम सुटले तरी दम सुटत नाही. या अवस्थेत हा रोग धूम्रपानामुळे होणाऱ्या श्वसनविकारापासून वेगळा ओळखणे दुष्कर होते. धुळीतील जीवाणूंच्या आवरणातून येणाऱ्या एंडोटॉक्सिन या द्रव्याचा यात मोठा वाटा असल्याचे १९८० च्या दशकातील संशोधनाने दाखवले.

फडके आणि पंखा

या धुळीपासून बचावाचे दोन मार्ग होते. एक म्हणजे कामगाराच्या तोंडावर काही बांधणे आणि दुसरा म्हणजे यंत्र झाकून धूळ उगमापाशीच ओढून घेणे. दोहोंतील फरक केवळ तांत्रिक नाही. पहिल्यात रक्षणाची जबाबदारी कामगारावर येते, दुसऱ्यात मालकावर.

तोंडाला रुमाल वा फडके बांधणे हा कामगाराच्या हाती असलेला उपाय. त्याने उडणारे मोठे तंतू अडतात. परंतु फुप्फुसांत खोल उतरणारे कण इतके सूक्ष्म असतात की, साध्या कापडाच्या विणीतून ते सहज आत जातात. शिवाय सूत तुटू नये म्हणून गिरणीत हवा मुद्दाम दमट राखली जात असे. अशा उष्ण-दमट हवेत आठ तास तोंड बांधून, धावत्या यंत्रांमागे फिरत काम करणे जवळजवळ अशक्य होते. कामगार मुखवटे वापरत नाहीत, असा ठपका ठेवणाऱ्यांनी या परिस्थितीचा विचार क्वचितच केला. सूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के अडवणाऱ्या, विद्युत्भारित तंतूंच्या ‘एन-९५’ मुखवट्याचे अमेरिकी प्रमाणक १९९५ मध्ये आले. तोवर मुंबईच्या गिरणधंद्याचा अस्त होऊ लागला होता.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याचा भर बालकामगारांचे तास व धोकादायक यंत्रांभोवतीचे कठडे यांवर होता. बोट तुटले तर दिसते, फुप्फुस झिजले तर दिसत नाही, हे त्यामागील एक कारण असावे. स्वातंत्र्योत्तर १९४८ च्या कारखाना कायद्याने मात्र स्पष्ट भूमिका घेतली. त्याच्या कलम १४ नुसार, धूळ वा धूर निर्माण होत असेल तेथे तो श्वासावाटे जाऊ नये यासाठी परिणामकारक उपाय योजणे बंधनकारक झाले. बाहेर ओढून घेणारी यंत्रणा आवश्यक असेल तर ती धुळीच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ बसवावी आणि तो भाग शक्य तितका बंदिस्त करावा, असेही त्यात नमूद होते. म्हणजे कायद्याने फडक्याऐवजी पंख्याची निवड केली होती. अमेरिकेत १९७८ च्या कापूसधूळ मानकाने हीच दिशा धरली. तेथे सूतकताई विभागासाठी आठ तासांच्या सरासरीने दर घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम धूळ ही मर्यादा ठरली आणि मुखवट्याकडे प्रामुख्याने दुय्यम उपाय म्हणून पाहिले गेले. गिरणीमालकांनी खर्चाचा मुद्दा काढून त्यास दिलेले आव्हान तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये मुख्यतः फेटाळले. मुंबईत कलम १४ असूनही १९७० च्या दशकात बिसिनोसिसचे रुग्ण आढळत होते, यावरून पुस्तकातील पंखा आणि खात्यातील पंखा यांतील अंतर लक्षात यावे.

विणाई खात्याचे दार

मुंबईच्या गिरण्यांत चांगले वेतन मिळे ते विणाई खात्यात, आणि तुलनेने कमी धूळही तेथेच होती. परंतु दलित कामगारांना हे दार बंद होते. धोट्यातील कांडी संपली की नवीन कांडीच्या सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. या कृतीत धाग्याला व धोट्याला उष्टे लागते, म्हणून सवर्ण विणकर अस्पृश्य मानलेल्यांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या सहा महिने चाललेल्या सार्वत्रिक संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. त्याची चर्चा इतिहासलेखनात प्रामुख्याने वेतन व सामाजिक समता यांच्या अंगाने झाली आहे आणि ते योग्यच आहे. तथापि श्वासाच्या अंगानेही तिच्याकडे पाहावयास हवे. विणाईतून वगळल्यामुळे दलित कामगार कताईच्या बाजूस, म्हणजे अधिक धुळीच्या बाजूस एकवटले. जातीची उतरंड आणि धुळीची उतरंड एकाच दिशेने उतरत होत्या.

दुसरी बाब अशी की, तोंडाने सूत ओढणे हे विणकराच्याही आरोग्यास घातक होते. त्यातून तंतू आत जात, आणि अनेक तोंडांना लागलेल्या धोट्यातून क्षयाचा संसर्ग होण्याची भीती लँकेशायर व अमेरिका येथे वारंवार व्यक्त झाली. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये अशा धोट्यांवर बंदी घातली. लँकेशायरमध्ये ती १९५२ मध्ये आली. हाताने सूत ओवता येईल असा धोटा उपलब्ध होता. तो स्वीकारला असता तर एका लहानशा साधनाने विणकराचे फुप्फुसही राखले गेले असते आणि अस्पृश्यतेच्या त्या सबबीला आधारही उरला नसता. तंत्राची निवड समाजव्यवस्थेला कशी टिकवून धरते, याचे इतके नेमके उदाहरण विरळा.

श्वासाचे मापन

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या प्रकारचे साधन या कथेत येते : श्वास मोजणारे. जॉन हचिन्सनने १८४६ मध्ये मांडलेला स्पायरोमीटर आणि १९५९ मध्ये राइट व मॅकेरो यांनी सिद्ध केलेला पीक फ्लो मीटर ही त्यातील प्रमुख साधने. पाळी सुरू होण्यापूर्वी व संपल्यानंतर कामगाराने जोराने फुंकायचे आणि दोन आकड्यांतील घट नोंदवायची, ही पद्धत रूढ झाली.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत यांचे कार्य या संदर्भात मूलभूत स्वरूपाचे आहे. गिरणगावाच्या मध्यभागी १९२६ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गिरणी कामगारांची रीघ असे. खोकला आणि दम घेऊन आलेल्या कामगारास क्षय, दमा किंवा विडीचा परिणाम यांपैकी एखादे लेबल लागणे सोपे होते. कामत व सहकाऱ्यांनी कापड गिरणी कामगारांचा पाच वर्षे पाठपुरावा करून बिसिनोसिस हा दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोधापासून कसा वेगळा ओळखावा, याविषयीचा शोधनिबंध १९८१ मध्ये अमेरिकन रिव्ह्यू ऑफ रेस्पिरेटरी डिसीजमध्ये प्रसिद्ध केला. त्याच सुमारास त्यांनी परळ, चेंबूर, खार व एक ग्रामीण भाग यांतील रहिवाशांच्या आरोग्याची हवेच्या प्रदूषणाच्या अनुषंगाने तुलनाही केली. पुढे डॉ. व्ही. मुरलीधर व सहकाऱ्यांचा मुंबईतील एका गिरणीतील बिसिनोसिसविषयीचा अभ्यास १९९५ मध्ये नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडियामध्ये आला.

हे मापन केवळ शास्त्रासाठी नव्हते. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या परिशिष्टात कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसविकार व्यवसायजन्य रोग म्हणून समाविष्ट होता. परंतु भरपाईसाठी ठरावीक काळ सलग अशा कामावर असल्याचे दाखवावे लागे आणि वैद्यकीय मंडळापुढे रोग सिद्ध व्हावा लागे. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून काम मिळाले तर करायचे, असे वर्षानुवर्षे जगलेल्या बदली कामगाराने सलग नोकरी दाखवायची कशी? खात्यातील हवेत किती धूळ आहे हे मोजण्याची साधने मालकाच्या आवारात, आणि ती धूळ किती भिनली हे सिद्ध करण्याचा भार कामगाराच्या फुंकरीवर, अशी ही विषम मांडणी होती. येथे साधन श्वासाला साहाय्य करत नव्हते, तर श्वासाची साक्ष काढत होते.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपाच्या मागण्या मुख्यतः वेतन, बोनस व बदली कामगारांना कायम करणे यांविषयी होत्या. धूळ त्यात अग्रभागी नव्हती. याबद्दल कामगार चळवळीला दोष देणे सोपे आहे, पण पोटाचा प्रश्न छातीच्या प्रश्नापुढे उभा राहतो, हे समजून घ्यावयास हवे. संप फसला, गिरण्या एकामागोमाग बंद पडल्या. गावी रत्नागिरी-सिंधुदुर्ग वा सातारा-कोल्हापूरकडे परतलेल्या कामगाराबरोबर त्याचा दमही गेला, पण तो दम नोंदवणारे गिरणीचे हजेरीपुस्तक आणि विमा दवाखाना मुंबईतच राहिले.

शिवाजी पार्कच्या उशालाच असलेल्या दोन गिरण्यांचे पुढे काय झाले, हे या संदर्भात पाहण्यासारखे आहे. सेना भवनासमोरील कोहिनूर मिल क्रमांक ३ ची जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना विकली आणि तेथे उत्तुंग इमारत उभी राहिली. चैत्यभूमीजवळील इंदू मिल, म्हणजे इंडिया युनायटेड मिल क्रमांक ६, हिची जमीन डॉ. आंबेडकरांच्या स्मारकासाठी देण्यात आली. ऑक्टोबर २०१५ मध्ये स्मारकाची पायाभरणी झाली. ज्यांच्या अनुयायांना विणाई खात्याचे दार बंद होते, त्यांचे स्मारक गिरणीच्याच जागेवर होत आहे. गिरण्यांच्या इतर जागांवरही मनोरे आले आणि कापसाच्या धुळीची जागा सिमेंट व वाळूच्या धुळीने घेतली. ही धूळ झेलणारे बांधकाम मजूर बहुधा परप्रांतांतून आलेले असून त्यांचा फडक्याचा उपाय मात्र जुनाच आहे.

८ एप्रिल २०२० रोजी मुंबई महापालिकेने सार्वजनिक ठिकाणी मुखवटा सक्तीचा केला. तोंड झाकणे हे कायद्याने सर्वांवर बंधनकारक होण्याचा प्रसंग या परिसराने तेव्हा पाहिला. दादरच्या बाजारपेठेत विनामुखवटा फिरणाऱ्याकडून दंड वसूल होऊ लागला. या सक्तीमागे हात होता तो संसर्गाचा, म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याला बाधेल या भयाचा. कार्डिंग खात्यातील रोग कोणालाही लागत नव्हता. तो ज्याचा त्याच्यापुरता होता.

त्यानंतरच्या वर्षांत खुद्द शिवाजी पार्क मैदानातील तांबडी माती वाऱ्याने उडून भोवतालच्या घरांत शिरू लागली. रहिवाशांनी तक्रारी केल्या, निवेदने दिली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. महापालिकेने मैदानावर पाणी फवारण्याची व्यवस्था केली, माती काढण्याविषयी विचारविनिमय झाला, तज्ज्ञांचा सल्ला घेण्यात आला. शहराला हवा मिळावी म्हणून राखलेल्या जागेत धूळ उगमापाशीच रोखण्याचे हे प्रयत्न, १९४८ च्या कायद्यातील कलम १४ च्या शब्दांशी बरेच जुळणारे होते.